चुंबकाला पितळ कळत नाही

वसमत रोडला आरा मशीनच्या पलीकडे
शमशूचाचांचं गॅरेज म्हणजे एक बाभूळ
आणि बाभळीला टांगलेलं टायर.
त्याखाली माझी पद्मिनी, सन चौऱ्याऐंशी,
छतावर पाटी: चक्रधर ड्रायव्हिंग स्कूल.
माझा पाय मोडला म्हणून तीन महिने उभी होती.
आता चोक ओढला की धूर,
सोडला की गप्प.

चाचांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय,
दुसऱ्यात पिकतोय.
"तू खोल," म्हणाले, "मैं सुनता हूँ."

फिल्टरच्या डब्यात उंदरानं सरकी साठवलेली.
चोकची तार सोडली, रेसचा सांधा सोडला,
पेट्रोलची नळी काढून तिच्या तोंडात
पेन्सिलीचं थोटूक कोंबलं.
नट दोनच. पण मागच्या नटाला
तेराचा पाना जेमतेम तीळभर वळतो,
काढायचा, लावायचा,
काढायचा, लावायचा,
आणि मागून चाचा: "वॉशर आई क्या साथ में?"
आली.
"खाली भोकात चिंधी घाल."
घातली.

एवढं मोठं इंजिन, आणि
त्याचा घास ठरवणारी ही दीड वाटी.
झाकण उघडलं. तळाला काकवी,
पेट्रोल आटून आटून झालेली, वासही आंबूस,
आणि टाकीतला तांबडा गंज
गाळलेल्या चहाच्या भुकटीसारखा.
फ्लोट कानाशी हलवला. चाचांपुढे धरणार
तर म्हणाले, "सुना मैंने. सूखा है."

मग पायलट जेट. स्क्रू ड्रायव्हर घसरला
आणि तांदळाच्या दाण्याएवढं ते पितळ
ऑइल पिऊन काळ्या झालेल्या काळ्या मातीत गेलं.

चाचांनी सुतळीला बांधलेला
स्पीकरचा जुना चुंबक आणला.
मी म्हटलं, पितळ आहे चाचा, लागायचं नाही.
"मालूम है," म्हणाले, आणि फिरवत राहिले.
खिळे आले, स्प्रिंगा आल्या,
बेअरिंगची एक गोळी, अर्धं ब्लेड,
आणि गंजून जाड झालेली किल्ली.
ती त्यांनी अंगठ्यानं चाचपली. परत चाचपली.
"इसपे सात का आकडा होगा, देख."

धुवायला काढलेल्या त्याच पेट्रोलात,
त्याच दात घासायच्या ब्रशनं मी किल्ली घासली.
सात.

मुळे वकिलांच्या कपाटाची.
अकरा वर्षांपूर्वी गाडी ठेवली होती, किल्ल्यांच्या जुडग्यासकट.
नेताना एक कमी निघाली,
आणि वकील चार माणसांत काय बोलले
ते सगळ्या परभणीला माहीत आहे.
चाचांनी किल्ली वरच्या खिशात टाकली. खिशाला बटण लावलं.
"जेट ढूँढ," म्हणाले.

नातीनं, तबस्सुमनं, घरातून पिठाची चाळणी आणली
(आजीला सांगायचं नाही या बोलीवर).
सातव्या ओंजळीला चाळणीत काहीतरी टिचकलं.
चाचांना आधी ऐकू आलं.

"तार नक्को घालू बेटी,
छेद एक बाल बडा हुआ तो गाडी पीती रहेगी."
मे महिन्याच्या दुपारी
पेट्रोल उडताना बोटं गार पडतात,
तेवढाच काय तो गारवा.
जेट उन्हाकडे धरून मी बघितलं.
टाचणीच्या टोकाएवढं गोल, पांढरं.
"आहे मोकळं," मी म्हटलं.
त्यांचा विश्वास बसला नाही.
आपल्या गालापाशी जेट धरायला लावून म्हणाले, फूँक.
गालाला वारा लागला,
तेव्हा मान हलली.

गॅस्केट जुनं फाटलं होतं.
नवं पुठ्ठ्यावर ठोकून ठोकून उमटवलं.
जोडलं. तिसऱ्या सेल्फला गाडी लागली.
आयडलचा स्क्रू त्यांनी स्वतः फिरवला,
डोळे मिटून, जे तसेही
उघडे असण्याचा फारसा उपयोग नव्हता.

पैसे देऊ केले तर म्हणाले,
"वकील साहब का घर तेरे रास्ते में है ना?"
नव्हतं.
"हाव," म्हटलं मी, "बसा."

शिकाऊ पोरांच्या सीटवर ते ताठ बसले,
पाय जास्तीच्या ब्रेकपासून लांब,
एक हात खिशावर.
रेल्वे गेटच्या अलीकडे, तिसऱ्या गिअरला,
बराच वेळ गप्प राहून म्हणाले,
"अभी भी थोडी ज्यादा पी रही है."