चौथं पाऊल

सावद्याच्या शाळेत हँडबॉल आला तो चुकून.
मागवलं होतं व्हॉलीबॉलचं जाळं,
ट्रकमधून उतरले दोन लोखंडी गोल.
हेडमास्तर म्हणाले, आता आलेच आहेत तर
नेहते बाई, तुम्ही बघा.

बाई खो-खोच्या.
नियमांची पुस्तिका त्यांनी जळगावहून आणवली,
रात्री नवऱ्याचं ताट झाकून ठेवून वाचली
आणि सकाळी साडेपाचला आम्हांला अशी सांगितली
जशी काही पाळण्यातच पाठ केली होती:
हातात चेंडू, पावलं तीन.
मग दे, नाहीतर मार, नाहीतर आपट.
चौथं टाकलं की शिट्टी.

मी गोलात उभी राहायची.
गोलकीपरला तो नियम नसतो.
आपल्या सहा मीटरांत
चेंडू घेऊन ती कितीही चालू शकते.
(हे मला सुरतेच्या स्वयंपाकघरात
पुष्कळदा आठवलं.)

चेंडू घामानं निसटायचा, राळ परवडायची नाही.
हमिदा तडवीचा बाप केळीचे घड कापायचा.
दांड्यातून गळणारा चीक
ती औषधाच्या बाटलीत भरून आणायची,
तळव्यांना चोळायचा, जरासा सुकू द्यायचा,
मग चेंडू हात सोडता सोडायचा नाही.
केळीचा डाग जात नाही कशानंच.
दिवाळीपर्यंत आमचे पांढरे शर्ट
चहा सांडल्यासारखे झाले.
धुळ्याला पंचांनी चेंडू हुंगून पाहिला,
हे काय लावलंय, बाई?
बाई म्हणाल्या, आमचं गाव.

तो सामना एका गोलानं गेला.
सात मीटरवरून मारलेला, मी उजवीकडे झेपावले,
तो डावीकडून आत.
परतीच्या एसटीत बाई माझ्या शेजारी बसल्या,
पारोळा मागं पडेपर्यंत गप्प.
मग म्हणाल्या, तू उजवीकडे गेलीस ते बरोबरच होतं.
चेंडू चुकला.

त्यांच्या घरी बुटांच्या खोक्यात
आमच्या लग्नपत्रिका आहेत,
वर्षावर्षाला रबर लावून.
प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलनं आकडा,
तिनं मारलेले गोल.
माझ्या पत्रिकेवर, अडवलेले.

यंदा मे संपताना निरोप समारंभ झाला.
शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
हमिदा नंदुरबारहून पोलिसाच्या गणवेशातच आलेली.
बाई एवढंच बोलल्या:
एकतीस वर्षं चेंडू हातात धरून चालत राहिले,
शिट्टी कुणी मारली नाही. आता मारा.
सगळे हसले, पंखा गरगरत राहिला.

मी मैदानावर गेले.
डाव्या खांबाला शेळी बांधलेली,
जाळं कधीच गेलेलं.
सहज मधोमध उभी राहिले, त्रेचाळीस वर्षांचे गुडघे घेऊन.

“काय पाहून राह्यली वं? वाक जराशी.”
मागून बाई. शाल त्यांनी शेळीच्या खांबावर टाकली,
पदर खोचला,
नारळ उजव्या तळव्यावर तोलला.

एक.
दोन.
तीन.

चार.

हमिदाच्या खिशात शिट्टी होती.
तिनं वाजवली नाही.
मी हात वर केले.