नकाराचा रकाना

तळघरात चोवीस खोपटी आहेत, पुठ्ठ्याच्या भिंतींची.
प्रत्येकात एक पडदा, एक माऊस, एक पेन्सिल,
जी लोक चुकून खिशात घालून नेतात.
(व्हीबकेला त्यावर शोधनिबंध लिहायचाय. ती गंमत करत नाही.)

मंगळवारी दारावर माझी पाळी.
कापडी पिशवीत टेबलटेनिसचे चेंडू, त्यांवर आकडे.
हात घाला, एक काढा, तिथे बसा, बोलू नका.
मग मी सूचना वाचते, दर वेळी त्याच सुरात,
सुरानेही निकाल हलतो म्हणे.
आम्ही खोटं बोलत नाही. आमच्या पंथाचं हे एवढंच सोवळं.
शेजारच्या इमारतीतले मानसशास्त्रवाले खुशाल थापा मारतात;
आमच्याकडे समोरचा माणूस खरा, पैसे खरे,
फक्त माणसामाणसांची गाठ पडू द्यायची नाही.

खेळ सोपा.
एकाकडे दहा युरो. त्यातले किती द्यायचे, ते त्यानं ठरवायचं.
दुसऱ्यानं म्हणायचं हो, किंवा नाही.
हो, तर वाटणी. नाही, तर दोघांनाही भोपळा.

सिद्धान्त म्हणतो, एका युरोलाही हो म्हण बाई,
शून्याहून एक मोठाच.
पदरी पडलं, पवित्र झालं;
हेच तो चार पानं ग्रीक अक्षरांत सांगतो.
लोक तरीही नाही म्हणतात,
आणि त्या नाहीवर आमची पोटं चालतात.

नोव्हेंबरात विद्यार्थी पुरेनात,
म्हणून रादेमाखर सरांनी गावातली वयस्कर माणसं बोलावली.
गेर्लिंडे ओपित्स. वय एकाहत्तर. चेंडू सतरा.
कोट काढला नाही. चष्मा दोरीला.
संमतीपत्राचा कागद तिनं उजेडाकडे तिरका धरला,
जणू त्यात बुडबुडा राहिलाय का बघतेय.
"नदीपलीकडच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं भिंगं घासली," म्हणाली,
मी न विचारता.

तिच्या पडद्यावर आले दोन युरो.
इतरांना नऊ-दहा सेकंद लागतात.
ती बसून राहिली.
खोपट्याखोपट्यांतून खोकले, खुर्च्यांची कुरकुर,
कुणीतरी फ्लूची गोळी पाण्यात टाकली, तिचं फसफसणंही ऐकू आलं.
चार मिनिटं अकरा सेकंद.
नाही.

पाकिटात म्हणून फक्त हजेरीचे चार युरो.
तिनं मोजले, पावतीवर सही केली, उठली नाही.
"तुमच्या खेळात नाहीचं बटण आहे," म्हणाली.
"एक्क्याण्णव साली पश्चिमेकडून साहेब आले होते,
चांगल्या बुटांचे, सभ्य, आम्हाला कॉफी पाजली त्यांनी.
त्या कागदावर सहीला एकच जागा होती."
मग पाकीट घडी घालून:
"दोन युरोत मिळालं. स्वस्तच म्हणायचं."

मी कासेलची. पश्चिमेची.
माझे बाबा त्या वर्षांत दर सोमवारी ब्रीफकेस घेऊन इकडे येत,
शुक्रवारी परतत. कोणत्या कारखान्यात, आम्ही कधी विचारलं नाही.
एकदा माझ्यासाठी आणला होता
तोंडातून धूर सोडणारा लाकडी म्हातारा.
अजून आहे कपाटात, एक हात तुटलेला.
आम्ही खोटं बोलत नाही.
मी काहीच बोलले नाही.

रात्री फाइल उघडली:
सत्र नऊ, व्यक्ती सतरा, देऊ केले दोन, स्वीकार शून्य,
वेळ दोनशे एक्कावन्न सेकंद.
सर म्हणाले, ही ओळ टोकाची आहे, वगळ,
बाईंना बहुधा बटणं कळली नसावीत.
मी म्हटलं, कळली होती.
पुरावा?
पुराव्याचा रकाना आम्ही आखलाच नव्हता.

ओळ ठेवली. तळटीप लिहिली, खोडली,
पुन्हा लिहिली, फक्त सेकंदांची.

दिवे घालवायला खाली गेले
तर सतराव्या खोपट्यात पेन्सिल नव्हती.
व्हीबकेला सांगितलं नाही.