शिये डॉक्टरांचं कॅलेंडर

शिये हे आमचं आडनाव.
बाबांच्या पाटीवर ते पन्नास वर्षं आहे,
'चिनी दंतवैद्य', आणि खाली दाढेचं चित्र,
पेंटरनं मुळं जरा गाजरासारखी काढलेली.
पेशंट विचारतात, शिये म्हंजे पंचगंगेपलीकडचं न्हवं?
बाबा म्हणतात, पलीकडचंच. जरा लांबचं.

खुर्चीत मान मागं टाकली की दिसेल असं टांगलंय
कलकत्त्याच्या आत्याकडून येणारं कॅलेंडर:
बारा जनावरं, गोल धरलेली,
उंदीर पुढं, डुक्कर शेवटी. ते बाबांचं.
तोंड उघडं ठेवून माणसं मोजत बसतात.

माझं वर्ष बोकडाचं.
रविवारी सकाळी ज्या गावात
घराघरांतून तांबडा-पांढरा उकळतो
तिथं हे कुणाला सांगायची सोय नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी सर्जेराव आले,
गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारा काढणारे,
गालाला टॉवेल, दाढ हलती, मिरवणूक उद्यावर.
"काढा की ओ, पन उद्या शिट्टी वाजली पायजे.
शिट्टीबिगर आमची चंद्री पळत न्हाई."

इंजेक्शन चढेपर्यंत बाबांनी जन्मसाल विचारलं.
त्र्याहत्तर. दुष्काळ उठला त्या साली.
बाबांनी बोट ठेवलं: बैल.
आणि यंदाचंही बैलाचंच.
अर्ध्या गालानं सर्जेराव हसले,
"चार पिढ्या दारात बैल न्हाई. सगळी म्हसरंच."

बाबांनी चिठ्ठीच्या पाठीवर काढलं:
दोन आडव्या, एक उभी,
वर डावीकडं शिंगाचा फटकारा.
"बैल, गाय, सगळ्याला हेच.
पुढं पाणी लिहिलं की म्हैस."
सर्जेराव कितीतरी वेळ बघत राहिले.
"नदीत डुंबाय सोडली की असंच दिसतंय बघा.
शिंग तेवढं वर."
मग म्हणाले, आमच्यात सालाला जनावर न्हाई,
पावसाला हाय. कुठल्या नक्षत्राला कोल्हा, कुठल्याला बेडूक.
म्हैस आली की समजायचं, छत्री उघडून उपेग न्हाई.

दाढ ताटलीत पडली. टण्.
मग बाबा हळू बोलले, मुळाला कीड आहे हे सांगतात तसं:
आपल्याच जनावराच्या वर्षात शिरलेल्या माणसाकडं
वर्ष टक लावून बघतं. लाल बांधावं.
खणातून दोरा काढला, मनगटावर गाठ मारली.
सर्जेरावांनी कापूस दाबून बोट वर केलं,
अजून एक.
नजर पडायची तर आधी तिच्यावर पडती.

पाडव्याला चंद्रीचं एक शिंग गुलाबी, एक निळं,
मोरपिसं, घुंगरं, पाठीवर केस कातरून कोरलेलं नाव,
आणि शिंगाच्या बुडाशी आमचा दोरा.
पुतण्यानं सायलेन्सर काढलेली बुलेट ताणली,
अख्खी पेठ धुरात.
सर्जेरावांनी दोन बोटं तोंडात घातली
आणि शिट्टी आलीच नाही.
नुसता वारा. पोरं फिदीफिदी हसली.
चंद्रीनं कान फिरवला, आणि सुटली, 
माणसं भिंतीला चिकटली.
बहुतेक ती कधीच शिट्टीवर पळत नव्हती.

बाबा पायरी उतरून आले, हातात लाल पाकीट,
आमच्या नव्या वर्षाला मला देतात तसलं.
आत एकशे एक. तिकडं सम आकडा शुभ,
वरचा रुपया आईच्या हट्टानं शिकलेले.
म्हशीला ओवाळताना त्यांचा हात जरा थरथरला.
तबक आईनंच धरलं.

"परत बैल कवा?" सर्जेरावांनी विचारलं.
बारा वर्षांनी.
"म्हंजे वाडीच्या कन्यागतासारखंच. मी तवा साठ.
दाढा किती ऱ्हातील?"
बाबांनी तिथंच, रस्त्यात, तोंड उघडायला लावलं,
मोबाईलचा उजेड पाडला, मोजलं.
"सगळ्या. मी आहे की."

त्यांचं वय कुणी विचारलं नाही.
चंद्री शेण टाकून पुढं गेली,
आणि मी पाटी पुसायला फडकं आणलं.
धुरानं 'शिये' काळं झालं होतं.