लाल बटण

रविवार कारंजावर गांगुर्डेमामांच्या टेबलावर
मी मिक्सर ठेवला आणि म्हटलं, गेला.
तान्ह्या पोराला पालथं घ्यावं
तसा त्यांनी तो पालथा घेतला.
बुडाशी एक लाल बटण.
एकवीस वर्षं घरात, मला पत्ता नाही.
अंगठ्यानं दाबलं. टक्.
मिक्सर सुरू.

किती झाले?
याचे काय घेऊ, म्हणाले, बटण तुमचंच आहे.

मग भांडं नाकाशी नेलं.
काळा मसाला?
मी हो म्हटलं, चोरी पकडल्यासारखं.
जळण्याआधी त्यानं आपण होऊन हात टेकले बाई,
सगळ्यांना कुठे जमतं ते.
चटणी वाटा, डाळ वाटा, अर्धंच भांडं भरा,
मिनिटभर फिरवा, मिनिटभर श्वास घेऊ द्या.
पण भाजलेलं खोबरं, दगडफूल, हळकुंडं,
हे कांडपाचं काम.
याच्या गळ्यात कशाला?

कशाला ते मी सांगितलं नाही.
कांडप म्हसरूळला आहे,
ते माझ्या नणंदेचं, हिरावन्संचं आहे,
आणि दोन उन्हाळे झाले
मी त्या रस्त्यानं रिक्षासुद्धा नेत नाही,
हे मिक्सर दुरुस्त करणाऱ्या माणसाला काय सांगायचं.

तोलून नेलेला मसाला
शंभर ग्रॅम कमी भरला होता.
मी ते रांगेतल्या बायकांसमोर म्हटलं.
मोठ्यानं म्हटलं.

सिडकोला परतताना मिक्सर मांडीवर.
सिटी बस खड्ड्यात गेली की मी त्याला धरायची.

त्या दुपारी सगळंच काढलं.
फ्रिजच्या दाराचं रबर साबणाच्या पाण्यानं पुसलं,
घडीघडीत बुरशी, आणि एक द्राक्षाचं देठ
कुठल्या हंगामाचं कोण जाणे.
दारात कागद धरून ओढला.
खाली घट्ट. वर अलगद सुटला.
म्हणजे थंडावा इतके दिवस तिथून जात होता
आणि मी वीजबिलावर रागावत होते.
कुकरची शिट्टी सुईनं साफ केली, उजेडाला धरली,
भोकातून समोरच्या गच्चीवरचं वाळवण दिसलं.
किटलीत बोअरच्या पाण्याचा पांढरा थर,
लिंबू पिळून उकळी दिली,
तो पापुद्र्यांनी सुटला.

मिक्सर शेवटी घेतला.
पिन काढून, जुन्या दातघासणीनं.
कपलरच्या दातांत, पात्याच्या बुडाशी,
झाकणाच्या रबराखाली,
जिथे बोट जात नाही तिथे
मसाला.
काळा, तेलकट, घट्ट बसलेला.
थोडा थोडा करून वर्तमानपत्रावर काढला.
सहज म्हणून काट्यावर ठेवला.
सतरा ग्रॅम.

एवढ्याशा यंत्रात सतरा.
कांडपाच्या उखळात, लोखंडाच्या मुसळांना,
चाळणीच्या जाळीत,
आणि हवेत, जिच्यानं वन्सं वर्षभर खोकतात,
किती?

बराच वेळ तो कागद तसाच पुढ्यात.
शिंका आल्या. डोळ्यांत पाणी आलं.
मसाल्यानं येतंच.

परवा पुन्हा मसाला भाजला.
दोन किलो, डब्यात, वरून फडकं बांधून.
म्हसरूळच्या रांगेत मी सहावी.
वन्संनी मान वर केली,
तोंडाला बांधलेल्या ओढणीवरून नुसते डोळे.
डबा काट्यावर ठेवला त्यांनी,
आकडा माझ्याकडे वळवला,
मुद्दाम, नीट दिसेल असा.

मी म्हटलं, वजन नको बघायला.
त्या म्हणाल्या, बघ.

मग पट्टा फिरला, मुसळं पडू लागली,
आणि त्या आवाजात
पुढचं काही बोलायची सोयच राहिली नाही.