पाण्याचा वार

शेंद्र्याच्या कंपनीचा टेम्पो उलटा घेताना
आमच्या गेटच्या खांबाला घासला,
आणि त्यातून उतरली एकवीस खोकी,
एक गुलाबी सायकल,
आणि यून-ही,
भात शिजवायचं यंत्र कडेवर घेऊन,
जसं दुसरं लेकरूच.

करारावर तिच्या नवऱ्याची सही:
गोल, काठी, छोटी पेटी, परत गोल.
आमच्या ह्यांनी चष्मा पुसून ती दोनदा पाहिली
आणि डिपॉझिट मोजून घेतलं.

कोरियातून आलेत म्हणून
पाथ्रीकरकाकू साखर मागायच्या निमित्तानं वर जाऊन आल्या.
चपला दाराबाहेर काढलेल्या.
"आपल्यातलेच की," म्हणाल्या, जरा हिरमुसून.

एप्रिल संपत आलेला.
वरचा स्लॅब रात्री एकपर्यंत धग सोडत नाही.
कूलर लावून देऊ का, मी ओशाळून विचारायला गेले.
ती अनवाणी उभी होती,
मग बसली, फरशीला तळहात टेकवला,
फोनशी काही बोलली,
आणि फोन माझ्याशी हिंदीत बोलला:
"हमारे देश में फर्श गरम करने का बिल आता है.
यहाँ मुफ़्त है. धन्यवाद."
हसावं की भाडं वाढवावं, कळेना.

पण पाणी काही फोनला सांगता येईना.
आठ दिवसांनी म्हटलं,
त्यानं आठवडा सांगितला,
तिनं सोमवार धरला.
सोमवार कसला?
कधी आठ, कधी नऊ, लाइन फुटली तर अकरा,
आणि तेही पहाटे तीनला,
व्हॉल्व्हवाल्या मुनीरभाईच्या मनात आलं की.
त्या सोमवारी सगळे नळ उघडून
ती मोरीच्या उंबऱ्यावर बसून राहिली,
लेकीचे केस अर्धे साबणात.
मी खालून दोन हंडे चढवले.
ती जिन्यातच रडली, आवाज न करता,
एक हात हंड्याच्या काठावर,
पाणी हिंदकळू नये म्हणून.

मी समजूत काढली नाही. कुठल्या भाषेत काढणार?
सत्त्याऐंशी साली मानवतहून आले
तेव्हा सिडकोच्या त्या एका खोलीत
बंब ठेवायला जागा नाही म्हणून
मीही अशीच रडले होते,
आणि मला तर भाषा येत होती.

मग एक टाकी वाढली. दोन ड्रम आले.
गच्चीत लाल मिरच्या वाळायला पडल्या,
माझ्याच बाजेवर, न विचारता.
बाप कंपनीच्या बसमधून उतरला की
गल्लीतली पोरं सलाम ठोकतात,
तो कमरेत वाकतो,
पोरं परत ठोकतात, तो परत वाकतो,
वर जेवण निवत राहतं.
हा-रिन खेळून पहिला शब्द घेऊन आली:
नक्को.
भाताला नक्को, झोपेला नक्को, शाळेच्या बुटांना नक्को.
आई घाबरून खाली आली, शिवी आहे का विचारायला.

काल पहाटे तीन-दहा.
जिन्यात धाडधाड पावलं
आणि सहा वर्षांचा गळा, पार मोकळा:
"पानी आलंऽऽ! काकू, मोटर!"
समोर पाथ्रीकरांकडं दिवा लागला.
कुठंतरी बादली पडली.

वर गेले तर यून-ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून
ड्रममध्ये पाइप धरून उभी.
भिंतीवर आमच्या दूधवाल्याचं कॅलेंडर,
त्यावर तिच्या लिपीत निळ्या खुणा,
आणि कडेला आकडे:
आठ, नऊ, आठ, अकरा, नऊ.
मुनीरभाईच्या मनाचा हिशोब
आम्ही कुणी कधी मांडला नव्हता.

ओल्या बोटानं तिनं पुढचा एक चौकोन दाखवला.
गुरुवार.

मी खाली येऊन ह्यांना सांगितलं,
पुढच्या गुरुवारी कुठं जाऊ नका,
वरच्यांनी सांगितलंय.