श्वास धरा

रात्रपाळीत माझं काम दोन शब्दांचं.
श्वास धरा, म्हणते मी काचेआडून.
थोड्या वेळानं, सोडा.

ग्रिम्सबीत रात्री येतात ती बहुतेक बंदरावरची माणसं,
मासळीच्या पाण्यावरून घसरलेली.
त्यांच्या अंगाचा वास यंत्राला येत नाही.
पडद्यावर उतरतात नुसत्या बरगड्या,
निवडून ताटाच्या कडेला ठेवलेल्या काट्यांसारख्या.
कोपऱ्यात मी लिहिते डावी, उजवी, तारीख.
हललेला फोटो पुन्हा काढायचा, असा नियम आहे.

सहाला सुटते. पिशवीत डबा, डब्याखाली कॅमेरा,
धर्मादाय दुकानातून बारा पौंडांना घेतलेला,
रीळ घालायचा, मीटर मेलेला.
उजेड किती, ते आता मीच ठरवते,
भाताचं पाणी बोटाच्या पेरानं मोजावं तसं.

बर्फाच्या बंद कारखान्याची भिंत काढते.
दोरखंड. क्रेटवर वाळलेले खवले.
एक सीगल, उधारी मागायला आल्यासारखा.
मिरजेची मावशी फोनवर म्हणते,
सगळं छान गं, पण यात तू कुठेयस?
काय सांगायचं.

गेल्या गुरुवारी किथ ब्लँचर्ड दिसला,
रात्री तीनला आलेला, आठवी-नववी बरगडी मोडून.
घरी जा म्हटलं होतं. हा क्रेटवर बसून
चहा गार करत होता.
"आतून बघितलंस की मला," म्हणाला,
"आता बाहेरून काढ."
हसला, आणि हसणं त्याला दुखलं.

उजेड ताकासारखा पातळ,
सेकंदाचा पंधरावा भाग तरी हवाच होता.
सवयीनं तोंडून गेलं, श्वास धरा.
त्यानं धरला बिचाऱ्यानं, त्या बरगड्यांनिशी.
सुटला तो माझा.

न्हाणीघरात, लाल बल्बखाली, ट्रेच्या पाण्यात
तो सावकाश वर आला:
आधी टोपी, मग कपाचा कान, मग डोळे,
सगळं किंचित दुहेरी.
कामावर असते तर पुसून टाकला असता.

दोरीवर, मोज्यांशेजारी, चिमट्यानं लावलाय.
अजून ठिबकतोय.

मावशी, हे बघ,
त्याच्या खांद्याची कड
जिथे थरथरलीय ना,
तिथे.