काना-मात्रा गाळून

रात्रीचे तीन. वार्डोत लख्ख ऊन.
जूनमध्ये इथं सूर्य मावळायचं नाव घेत नाही.
कोंबडा पाळला तर वेडा होईल, म्हणतो
शेजारचा ओड्वार. दर वर्षी, हाच विनोद.
फोन थरथरतो: चाळीस क्रोनर जमा.

चाळीसमध्ये इथं कॉफीसुद्धा नीट येत नाही.
फूल ना फुलाची पाकळी म्हणावं,
तर या खडकांवर फूलही क्वचितच.
तरी मी वहीत रकाना आखलाय. नाव, रक्कम, तारीख.

नोकरी सोडली तेव्हा संपादक म्हणाले होते,
"सुन्निवा, आजाऱ्यांच्या पैशातून आजाऱ्यांची बातमी?
याला बातमीदारी नाही, वर्गणी म्हणतात."
त्यांच्यामागं भिंतीवर, चौकटीत,
सामन मासळीवाल्यांची पानभर जाहिरात.
मी गप्प. मला उत्तरं
घरी पोचल्यावर, बूट काढताना सुचतात.

आजाराचं पूर्ण नाव एका दमात घेता येत नाही,
म्हणून दोनच अक्षरं: एम ई.
दवाखान्यात म्हणतात थकवा, थकतात हो सगळेच.
दात घासले की दोन दिवस आडवं,
याला थकवा म्हणायचं मी तिसऱ्या महिन्यात सोडलं.
दुसरा शब्द अजून मिळालेला नाही.

आइलिफला मी पाहिलेलं नाही.
त्याच्या आईला पाहिलंय. गुनवोर
कुजबुजतच बोलते, घरात, दुकानात,
धक्क्यावर वाऱ्यातसुद्धा.
वरच्या खोलीच्या खिडकीला चंदेरी कागद,
त्यावर घोंगडी, त्यावर काळी चिकटपट्टी:
जूनमध्ये अख्ख्या गावात
तिथंच काय ती रात्र होते.
हा पोरगा कधी उणे वीस अंशांत
कॉडची जाळी ओढायचा, शिव्या घालत, हसत.

चाळीस क्रोनर त्याचे. सोबत ओळ:
*लह. थब नक.*
मला वाटलं, फोन बिघडला.
"काना, मात्रा, वेलांटी सगळं गाळतो तो,"
गुनवोर म्हणाली, "बोटाला तेवढाच आराम.
तीन शब्दांना चार दिवस लागले.
पैसे पाठवायला पाचवा."

"परत पाठवते मी."
तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज चढला:
"नको! परत आले, तर
ते कळायला त्याला पुन्हा फोन उचलावा लागेल."

मग मी लिहिलं. बसनं, बोटीनं, उधारीच्या गाडीतून
दारोदार फिरून लिहिलं. दारं अर्धीच उघडायची.
ऑक्टोबरात लिहिलं की त्या महागड्या थेंबांनी
कुणी बरं झाल्याचा पुरावा मला सापडला नाही.
ज्यांनी पैसे दिले, त्यातल्या कित्येकांच्या
उशाशी तीच बाटली होती.
एकवीस जणांनी हात आखडता घेतला.
एकीनं लिहिलं,
आमच्याच पैशानं आमचीच वात विझवलीस.
तिचं पत्र मी वहीत ठेवलंय,
जमेच्या बाजूला.
त्या दिवशी संपादकांसाठीचं उत्तर सुचलं.
फोन मात्र केला नाही.

आता डिसेंबर. सूर्य उगवायचाच बंद झालाय,
सगळं गाव आइलिफच्या खोलीत राहायला आल्यासारखं.
ओड्वारचा कोंबड्याचा विनोद उलटा फिरलाय.
भाडं थकलंय. रेकॉर्डरचं झाकण
रबरबँडनं धरून ठेवलंय.

दुपारी दोनला, मिट्ट काळोखात, फोन थरथरला.
चाळीस क्रोनर. आणि एक शब्द:
*वचल.*

वाचलं, म्हणतोय? ते थेंबांवरचं?
की वाचेल?
की वाचलो?
विचारता आलं असतं.
पण एका वेलांटीचा भाव
मला आता ठाऊक आहे.

वहीत नोंद केली, जशीच्या तशी:
आइलिफ. चाळीस. वचल.
पेन क्षणभर त्या 'व'पाशी घुटमळलं,
काना द्यायला.
नाही दिला.